लेकुरवाळी चिलापी

माझे सासरे मासे धरतात आणि सोडून देतात. लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट मी अलिबागला आईच्या कानावर घातली, तर तिने पहिला प्रश्न केला, "डॉक्टरला दाखवलंय का?" आमच्याकडे मासा सोडून देणं हा प्रकारच नाही. ओट्यावरच्या बांगड्याकडे मांजराने नुसतं बघितलं तरी माझे काका काठी घेऊन उठायचे. आणि मी लग्न करून आले ती जालन्यात, भालचंद्र जोशी यांच्या घरी. इथे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा हद्दपार होतो. आणि याच घरातला कर्ता पुरुष दर रविवारी तलावावर जातो, हातभर लांबीचा रोहू गळाने बाहेर काढतो, त्याला "बरा आहेस ना रे?" असं विचारतो आणि परत पाण्यात सोडतो.

पहिल्या वर्षी मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले. नंतर बंद केलं. त्या रोहूच्या तुकड्या रवा लावून तळल्यावर कशा दिसतील, हे चित्र डोळ्यांपुढून हलायचं नाही, आणि सासऱ्यांसमोर आवंढे गिळत बसणं सुनेला शोभत नाही.

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जन्म हसनाबादचा. वडील गावचे जोशी. मुहूर्त काढायचे, पत्रिका जुळवायच्या, सत्यनारायण सांगायचे. आणि हे पोरगं सदानकदा गिरजा नदीत. शाळेत हजेरीला नाव पुकारलं की सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, "नदीवर!" एकदा त्यांनी सदऱ्यात गुंडाळून एक जिवंत मासा घरी आणला, तोही नेमका आजोबांच्या श्राद्धाला, ब्राह्मण पानावर बसलेले असताना. वडिलांनी काय केलं ते बाबा आजही सांगत नाहीत. आईने मात्र त्यांना मागच्या दारी नेलं आणि सौदा केला. "धरायची एवढी हौस आहे तर धर. पण तुझ्या हातून एकही जीव जाता कामा नये. शब्द दे."

बाबांनी शब्द दिला आणि तो पाळला. टेलिफोन खात्यात नोकरी केली, जालन्यात घर बांधलं, मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वरदला इंजिनिअर केलं. हे सगळं ते असं सांगतात की जणू कुणीही येता-जाता करावं. छाती फुगवून सांगतात ते एकच: "माझ्या हातून आजवर एक मासा मेला नाही."

आणि ही नुसती बढाई नव्हे. बाजारातून आणलेल्या प्रत्येक गळाचा आतला काटा ते कानशीने घासून काढतात, म्हणजे गळ लगेच सुटतो आणि जखम होत नाही. माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात बुडवतात, कारण कोरड्या हाताने त्याची कातडी दुखावते. आमिषाला गांडूळ चालत नाही, कारण गांडूळ हाही जीवच. मग काय, तर कणीक. त्यात गूळ आणि हिंग. माझ्या सासूबाई, नीला जोशी, शांत बाई आहेत, पण हिंगाच्या डबीचा विषय निघाला की त्यांचा पारा चढतो. "माझ्या वरणाला हिंग नाही आणि तलावातले मासे फोडणीचं खाऊन राह्यले!"

तलाव अंबडच्या पलीकडे आहे. त्याला लागूनच काकासाहेबांची मोसंबीची बाग आणि कापसाचं रान. काकासाहेब मासे धरतात ते खायला. बाबांची आणि त्यांची ओळख एका भांडणातून झाली. बाबांनी भला मोठा कटला सोडला आणि पलीकडच्या काठावरून हे ओरडले, "ओ साहेब! येड लागलं का काय? खायचा न्हाई तर मला द्यायचा व्हता!" त्यानंतर दोघं रोज फोनवर बोलायला लागले. एकाला मासा खायचा नसतो, दुसऱ्याला सोडायचा नसतो. मग इतकं बोलायला यांना सापडतं तरी काय, असं आई, म्हणजे सासूबाई, मला विचारायच्या. मलाही कधी कळलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. मला सातवा महिना होता. मोकळ्या हवेत फिरवून आणू म्हणून सगळे मला तलावावर घेऊन गेले होते. काकासाहेबांच्या बायकोने, चतुराबाईंनी, बागेत माझी ओटी भरली. नारळ मिळाला नाही म्हणून मोसंबी घातली, आणि "नारळापरीस ग्वाड निघंल लेकरू" असा आशीर्वाद दिला. तेवढ्यात काठावरून बाबांची हाक आली. त्यांचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्यांच्या गळाला एक तळहाताएवढा राखाडी मासा लागला होता. बादलीच्या पाण्यात ठेवल्या-ठेवल्या त्याने तोंड उघडलं आणि आतून पिल्लं बाहेर आली. मोहरीएवढे डोळे असलेली, ढीगभर पिल्लं! सगळी बादलीभर पसरली. आम्ही वाकून बघत राहिलो. जरा वेळाने त्या माशाने पुन्हा तोंड उघडलं, आणि घाबरलेली पोरं आईच्या पदरात शिरावीत तशी ती सगळी पिल्लं भराभर तिच्या तोंडात शिरली.

बाबा रडत होते. मीही रडत होते. मला तर त्या महिन्यांत टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीनेही रडू यायचं. चतुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "अगं माय! तोंडात लेकरं संभाळून राह्यली! आन् आपून हिला धरलं? वटी भरू दे बाई, पोरीसंगं हिची बी भरू दे." माझ्या ओटीतलेच थोडे तांदूळ आणि चिमूटभर हळदकुंकू त्यांनी बादलीत सोडलं. बाबांनी बादली हळूच तलावात कलती केली. बाजारात या माशाला चिलापी म्हणतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या दिवसापासून आमच्यात तिचं नाव पडलं लेकुरवाळी.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण चतुराबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवडाभरात गावभर झालं. लेकुरवाळी धरू नये, चुकून लागली तर हळदकुंकू लावून सोडावी. पुढे कुणाच्या सुनेला दिवस गेले, तर त्याचं श्रेयही लेकुरवाळीला मिळालं. मग शेजारच्या गावातून नव्या नवऱ्या यायला लागल्या. जाळं ओढणारी माणसंही चिलापी तेवढी वेगळी काढून पाण्यात टाकायची. पोटात पिल्लं आहेत की तोंडात, नर आहे की मादी, हे कोण बघतं? दिसली चिलापी की सोड. बाबांना लोक वाकून नमस्कार करायचे आणि बाबा लाजून कणीक मळत बसायचे. मी त्यांना "मत्स्यमहाराज" म्हणून चिडवायचे. मला मुलगी झाली, ती खरंच गोड निघाली, त्यामुळे चतुराबाईंचा शब्द कुणी खोडायचा प्रश्नच नव्हता.

काही वर्षं अशीच गेली. बाबांच्या बोलण्यातून रोहू कमी झाला, कटला नाहीसा झाला. "आज काय लागलं?" असं विचारलं की उत्तर एकच, "लेकुरवाळी." आणि तीही दरवर्षी लहान होत चाललेली.

मग एका सकाळी काकासाहेब जालन्याला आमच्या घरी आले. बरोबर पोतंभर मोसंबी. चहा घेतला. कापसाला कीड कशी पडली ते सांगितलं. नातीला आलेलं स्थळ सांगितलं. पुन्हा चहा घेतला. शेवटी आईच म्हणाल्या, "काकासाहेब, तुम्ही हे सांगायला एवढ्या लांब आलेला नाहीत."

काकासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैनी, बराबर वळखलं. भालचंद्रराव, मागल्या हप्त्यात मासळी खात्याचे एक साहेब आल्ते. त्यांनी जाळं वढाया लावलं. वर आल्या त्या समद्या आपल्या लेकुरवाळ्या. गावठी मासळी बिलकुल न्हाई. झिंगा न्हाई, मरळ न्हाई, रोहूचं बीज टाकलं व्हतं ते बी न्हाई. साहेब म्हन्ले, ही आपल्या मुलखातली न्हाईच. भाईरून आलेली. सोताची लेकरं तोंडात संभाळती आन् दुसऱ्याची अंडी खाऊन टाकती. धरली तर परत पाण्यात सोडू नका म्हन्ले."

बाबांनी हातातला कप खाली ठेवला.

"आपून जिची वटी भरली," काकासाहेब म्हणाले, "ती सवत निघाली, भालचंद्रराव."

"ती आई आहे, काकासाहेब. तुम्ही बघितलंय."

"हाय ना. न्हाई कोन म्हन्तं? पर तिच्या लेकरांपायी बाकीच्यांचं तळपट झालं." त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "गावानं बैठक घेतली. चिलापी धरली की परत पाण्यात न्हाई. जो सोडंल त्यानं तलावावर पाय ठिवायचा न्हाई. म्या बी हात वर केला. तुमाला दुसऱ्याकडून कळायच्या आत म्हन्लं आपून सोता सांगावं."

"म्हणजे मी मारायची, नाहीतर यायचं नाही."

"व्हय," काकासाहेब म्हणाले. मोसंबीचं पोतं तिथेच ठेवून ते गेले, आणि जाताना चप्पल उलटसुलट घालून गेले.

त्यानंतरचे रविवार काय सांगू! बाबा घरात राहिले. निवृत्त माणूस रविवारी घरात राहिला की घराला काय भोगावं लागतं ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. त्यांनी पंखे पुसले. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे आईंनी आमटीत मोहरीऐवजी काळे तीळ घातले. गवार निवडताना एकेक शेंग दोन्हीकडून तपासली. तिसऱ्या रविवारी आई मला म्हणाल्या, "यांना तलावावर धाड, नाहीतर मी माहेरी जाते." आईंच्या माहेरी आता त्यांच्याहून थोरली एक वहिनी तेवढी उरली आहे.

वरद म्हणाला, दुसऱ्या तलावावर जा. बाबा म्हणाले, चिलापी तिथेही आहेच. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे स्पष्ट बोलले. "बाबा, धरायची आणि खायची. जगात सगळीकडे हेच चालतं. तुम्ही खाऊ नका, चतुराकाकूंना द्या. पण सोडण्यात आता पुण्य राहिलं नाही. तुम्ही एक सोडता आणि तिच्यापायी शंभर मरतात."

"तुझं बरोबर आहे, गंधाली," ते म्हणाले. "मला पटतंय. पण पटलं म्हणून हात चालत नाही गं. आईला दिलेला एकच शब्द मी आयुष्यभर पाळलाय. दुसरं काही मोठं केलं नाही मी." हे ऐकून मी उठले आणि मसाल्याचे डबे पुन्हा आईंच्या क्रमाने लावत बसले.

पण कायदा आणि पळवाट ही जुळी भावंडं, आणि बाबांनी सरकारी नोकरी केलेली. पुढच्या रविवारी ते झाकणाची बादली घेऊन तलावावर गेले आणि चार जिवंत चिलाप्या घेऊन घरी आले. सोडायची नाही, मारायची नाही, पाळायची! मागच्या अंगणात आमचा जुना हौद आहे. जालन्यात नळाला पाणी येतं ते रुसलेल्या जावयासारखं, त्यामुळे हौद म्हणजे घरातली दुसरी तिजोरी. आई काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. पण बाबा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसत होते, म्हणून आम्ही गिळलं. काकासाहेबांनी आपल्या विहिरीतली ओंजळभर गावठी मासळीही पाठवली होती, बोटाएवढी, चकचकीत. "सोबतीला ऱ्हाऊ द्या," असा निरोप होता. त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबा सकाळी चहाचा कप घेऊन हौदाच्या कडेला बसायचे. आधी खूश असायचे. चिलापीने तळाच्या गाळात बशीसारखा खळगा केला, ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग तोंडात पिल्लं धरली, तेव्हा माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन दाखवलं. मग ते कुणाला बोलावेनासे झाले. मी विचारलं तर म्हणाले, "ती जवळ येऊ देत नाही कुणाला. खायला टाकलं की आधी त्यांना हाणते." बोटाएवढ्या मासळीच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसायला लागल्या. बाबांनी हौदात मधोमध जाळी लावून बघितली, ती रात्रीतून सुटली. पुन्हा लावली. ओंजळीतली गावठी मासळी कमी-कमी होत गेली, आणि हौद मात्र भरत गेला.

एक दिवस मी ऑफिसला निघाले होते. बाबा हौदात हात घालून काहीतरी शोधत होते. बाहीसकट हात भिजलेला. "एक तरी असेल," म्हणाले. मीही पर्स बाजूला ठेवून वाकले. नव्हती. पाण्यात सगळीकडे राखाडी पाठी तेवढ्या फिरत होत्या. बाबांनी हात बाहेर काढला आणि पंचाला पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, की इतक्या भल्या माणसाच्या भलेपणाला असलं फळ का यावं.

रविवारी ते मला म्हणाले, "चल. गाडी तू चालव."

काकासाहेब आणि चतुराबाई बांधावर आले होते. आम्ही येणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. दोघांचा फोन झाला असेल. राम राम झाला. कापसाबद्दल कुणी बोललं नाही. बाबांनी कणीक मळली, गळ टाकला आणि बसले. चिलापीला बोलवावं लागत नाही. दोरी लगेच ताणली गेली. वर आली ती तळहाताएवढी, फुगलेल्या गालांची. बादलीत ठेवली आणि तिने तोंड उघडलं.

पिल्लं बाहेर आली. आम्ही सगळे पुन्हा त्या बादलीवर वाकलो. चतुराबाई नकळत कपाळाला हात लावून मागे सरल्या.

काकासाहेब पुढे झाले. "द्या हिकडं, भालचंद्रराव. तुमी नगा. हे माझं काम हाय, मला त्याचं काई न्हाई. तुमी तोंड फिरवा."

"न्हाई," बाबा म्हणाले. जालन्यात ते कधी असं बोलत नाहीत. हसनाबाद त्यांच्या तोंडून निघालं. "सोडताना मी सोडत व्हतो. तवा तुमच्या हातात न्हाई दिली."

त्यांनी हात पाण्यात बुडवून ओले केले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आता त्याची गरज नाही. पण ओल्या हातानेच त्यांनी तिला उचललं. काकासाहेबांनी सांगितलं तसं दगडावर धरलं आणि दुसऱ्या दगडाने एकदाच मारलं. एकदाच, पण नीट. बादली उचलली, तलावाकडे पाठ केली आणि चालत जाऊन ती काकासाहेबांच्या कोरड्या रानात ओतली. ओतून तिथेच उभे राहिले. पाणी मातीत मुरेपर्यंत उभे राहिले. मी त्यांच्याकडे जायला निघाले, तर काकासाहेबांनी मला हाताने थांबवलं.

चतुराबाईंनी मासा उचलून पदराखाली घेतला आणि घराकडे गेल्या. "सूनबाई, जेवून जा," असं म्हणाल्या खरं, पण वळून बघितलं नाही. ज्या माशांसाठी मी इतकी वर्षं आवंढे गिळले, त्यातला एक चुलीकडे निघाला होता, आणि माझ्या पोटातली भूकच मेली होती.

बाबा परत आले. डोळे लाल होते. बादलीत ताजं पाणी भरून घेतलं, कणकेची गोळी केली, गळाला लावली आणि आपल्या जागेवर बसले. काकासाहेब त्यांच्या शेजारी बसले. जरा वेळाने मी म्हणाले, "बाबा, ऊन तापलंय. निघायचं का?"

त्यांनी गळ पाण्यात टाकला.

"तू जा," ते म्हणाले. "मला उशीर होईल. खूप सोडल्यात मी."